दिवेकर पोलवर, अंधारे पॅनेलवर

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण ज्याने कोणी काढली तो भिवंडीत राहिलेला नसणार. आमच्याकडे माणसं नावाप्रमाणेच निघायची, आणि तीही नको तितकी. आगीच्या बंबावर ड्युटी करणाऱ्या एका गृहस्थांचं आडनाव आगलावे होतं. कापडाचं गोदाम पेटलं की लोक आधी बादल्या शोधायचे, मग आगलावे आले का ते विचारायचे, आणि त्या धावपळीतही कोणीतरी हसायचंच. कोर्टाच्या रस्त्याला एका वकिलाची पाटी होती, आडनाव खोटे. ती वाचून आई म्हणायची, निदान लपवत तरी न्हाय. दातांचे डॉक्टर दाते होते, पण असे दाते गावोगाव असतात, त्यात भिवंडीचं काही कौतुक नाही.

आणि आम्ही दिवेकर. माझे बाबा वीज खात्यात लाइनमन. तार तुटली, दोन तारा जोडणारा जम्पर उडाला, डीपीच्या पेटीतून धूर आला की पोलवर चढायचं त्यांनी. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण सबस्टेशनमध्ये पॅनेलसमोर बसून लाइन बंद-चालू करणारे जे ऑपरेटर होते, त्यांचं आडनाव होतं अंधारे. देवाशपथ सांगते, मी काही जुळवून सांगत नाहीये. दिवेकर पोलवर आणि अंधारे पॅनेलवर. बाबांना या जोडीचं इतकं कौतुक, की घरी पाहुणा आला रे आला, चहाचा कप त्याच्या हातात पडायच्या आत ही गोष्ट सांगून व्हायची. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. अंधारे मात्र कधी हसायचे नाहीत. नगरकडचा बारकासा माणूस, जाड काचांचा चष्मा, तोंडात कायम लवंग. बाबांनी कितीही चेष्टा केली तरी ते एवढंच म्हणायचे, "झालं का तुझं? मग कामाचं बोल."

आम्ही राहायचो सबस्टेशनच्या मागच्याच क्वार्टर्समध्ये. दोन हजार पाचच्या आसपासचा काळ, वीजवाटप खासगी कंपनीकडे जायच्या आधीचा. लोडशेडिंगने सगळ्या गावाच्या नाकी नऊ आणले होते. बाहेरच्या माणसाला आमच्या गावात आलं की यंत्रमागांच्या खटखटीने डोकं दुखतं. आमचं उलट. आम्हाला त्या आवाजात झोप लागते, अभ्यास होतो, भांडणंसुद्धा त्या आवाजावर चढून होतात. माग थांबले की जीव कासावीस होतो. लाइट गेली की सगळा खडखडाट एकदम बसायचा आणि माणसं कारखान्यातून बाहेर यायची. बनियनवरची, खांद्यावर गमछे टाकलेली. काही काम नसताना उगाच रस्त्यावर उभी राहायची, तारांकडे बघायची. कोणाला एका जागी बसवत नसे. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मलाही बसवत नसे. पुस्तक घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरायचे, आईच्या शिव्या खायचे. त्यात वर्गातल्या मुली विचारायच्या, ए दिवेकर, लाइट कधी येणार गं? मी म्हणायचे, पर्समध्ये ठेवलीय, हवीय का?

आता परमिट म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. पोलवर चढायच्या आधी बाबा अंधाऱ्यांना फोन करायचे आणि लाइनचं परमिट मागायचे. अंधारे ती लाइन बंद करून स्विचवर लाल पाटी अडकवायचे. मग बाबा तारांवर साखळी टाकायचे, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जाईल, माणसातून नाही. काम झालं की उतरायचं, साखळी काढायची आणि परमिट परत करायचं. ज्याने परमिट घेतलं त्यानेच परत करायचं, त्याच्याच तोंडाने. दुसऱ्या कोणाचा निरोप चालत नाही. त्यात अंधाऱ्यांची आणखी एक सवय होती. फोनवर ऐकलेला प्रत्येक शब्द ते मोठ्याने परत म्हणायचे. दुपारी आमच्या स्वयंपाकघरात सुद्धा ऐकू यायचं, "काम झालं. साखळी काढली. माणसं सगळी खाली. बरं."

आईची पद्धत वेगळी होती. बाबा पोलवर आहेत असं कळलं की ती बसायची नाही. उभ्याने भाजी निवडेल, उभ्याने पाणी पिईल, पण पाट घेणार नाही. माहेर शेलार गावचं, तिथे असली काही रीत नव्हती. ही तिने स्वतःच लावून घेतलेली. घरात मोबाइल आल्यावर बाबांनी यावर तोड काढली. खाली उतरले की ते घरी एक मिस्ड कॉल द्यायचे. फोन वाजला आणि बंद पडला की आई खाली बसायची. पैसे लागायचे नाहीत आणि बोलायची गरज नव्हती. आपल्या या युक्तीवर बाबा जाम खूश होते.

तो दिवस मेमधला. ऊन असं, की नळाचं पाणीसुद्धा गरम येत होतं. लोडशेडिंगच्या वेळा ठरलेल्या होत्या, त्या आम्हाला पाठ होत्या. चीड कशाची यायची, तर लाइट असायच्या वेळात काही बिघडलं की. त्या दिवशी नेमकं तेच झालं. दुपारी माझ्या काकाच्या गल्लीतला जम्पर धाडकन उडाला आणि सगळा भाग गप्प झाला. पुढचं लोडशेडिंग पाचला. म्हणजे त्याच्या आत लाइट आली तर ठीक, नाहीतर दिवस गेला.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. त्याने गल्लीत शेड घेऊन थोडे माग टाकले होते. त्याचा स्वभाव म्हणजे चुलीवरचं दूध, नजर वळली की उतू गेलंच. पण मनात काही नाही. बाबांवर त्याचा इतका जीव, की लग्नाला किती वर्षं झाली तरी दादाला विचारल्याशिवाय घराला रंग लावायचा नाही. त्या दिवशी त्याच्या शेडच्या दारात टेम्पो उभा होता. माल संध्याकाळपर्यंत वळ गावातल्या गोदामात पोचायला हवा होता आणि कापडाचे शेवटचे ताके अजून मागावरच होते. टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, कामगार तारांकडे बघतायत. काकाने तेवढ्या वेळात आमच्या घरी कितीदा फोन केला ते विचारू नका. दादा निघाला का, दादा कुठे पोचला. आई म्हणाली, भाऊजी, आता त्यांच्या मागे लागू नका, ते चढले की त्यांना त्यांचं करू द्या.

बाबा गेले, परमिट घेतलं, साखळी टाकली, चढले. आई ओट्याशी उभी. मी दारात उभी, कारण आईला उभं बघून मलाही बसवेना. पंखा बंद, आई पदर सारखा गळ्याभोवती फिरवत होती बिचारी. मग मोबाइल वाजला आणि थांबला. बाबांचा नंबर. आईने हुश्श केलं, खाली बसली, तांब्या तोंडाला लावला. मी पंख्याकडे बघायला लागले, आता फिरेल, मग फिरेल. पण पंखा काही फिरेना.

थोड्या वेळाने सबस्टेशनच्या आवारात गलका ऐकू आला. आम्ही दोघी मागच्या दाराने धावलो. गल्लीतली वीस-पंचवीस माणसं गेट ढकलून आत आली होती आणि सगळ्यांच्या पुढे काका होता. घामाने निथळत होता. पॅनेलच्या खोलीच्या दारात अंधारे आडवे उभे होते. काका सांगत होता की काम झालंय, दादा खाली उतरला, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्याने पट्टा सोडला, साखळी गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधली. मग लाइन का बंद आहे? अंधारे म्हणाले की त्याचा फोन आलेला नाही. काका म्हणाला, फोन कशाला हवा, मी त्याचा सख्खा भाऊ समोर उभा आहे, मीही दिवेकरच आहे.

"असशील," अंधारे म्हणाले. "परमिट तू घेतलेलं नाहीस."

गर्दीतून कोणीतरी हिंदीत ओरडलं, साहेबाचं नावच अंधारे, हा कसला उजेड देतोय. हशा पिकला, पण तो चांगला हशा नव्हता. मागून लोक रेटायला लागले. पाच वाजत आले होते, पाचनंतर कोणी हातपाय आपटले तरी लाइट येणार नव्हती. मलाही त्या क्षणी अंधाऱ्यांचा संताप आला होता, खोटं कशाला बोलू. काय हा माणूस, वाटलं. एवढी माणसं जीव तोडून सांगतायत आणि हा लवंग चघळतोय.

बाबांना फोन लावून बघावा म्हणून अंधाऱ्यांनी टेबलावरचा रिसीव्हर उचलला. लागला, वाजत राहिला, बाबांनी उचलला नाही. काका म्हणाला की तो सायकलवर असेल, निघाला असेल इकडेच. अंधाऱ्यांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि परत दारात आले. तेव्हा कोणीतरी त्यांचा शर्ट धरला. खिसा टर्रकन फाटला. चष्मा खाली पडला आणि कोणाच्या तरी चपलेखाली गेला. काका मारणाऱ्यांतला नव्हता, पण तो सोडवतही नव्हता. दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून तो एकच सांगत होता की कुलदेवीची शपथ घेतो, माझा दादा खाली आहे.

आईला ते बघवेना. ती माणसांतून वाट काढत पुढे गेली आणि मोबाइल अंधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे धरला. म्हणाली की हा बघा यांचा मिस्ड कॉल, मघाशीच आलाय. उतरल्याशिवाय ते देत न्हायत. भाऊजी पण सांगतायत. करा एकदाची चालू, कशाला मार खाताय.

अंधाऱ्यांना चष्म्याशिवाय तो आकडा दिसला नसणार. त्यांनी फोनकडे बघितलंही नाही. ओठ फुटला होता. ते म्हणाले, "वहिनी, तो तुम्हाला आलाय. मला आला नाही."

पुढचा काही वेळ मला नीट आठवत नाही. ढकलाढकली, घामाचा वास, आईचा हात माझ्या दंडावर. खोलीत घुसायचा प्रयत्न झाला आणि तो बारका माणूस चौकटीत पाय रोवून उभा राहिला. त्याला सहज उचलून बाजूला टाकता आलं असतं. पण पॅनेलवरच्या स्विचच्या एवढ्या दांड्यांतली आपल्या लाइनची कुठली ते गर्दीतल्या कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून तो हवा होता. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

रेटारेटी थांबली. अंधारे चाचपडत गेले, रिसीव्हर उचलला आणि सवयीने, मार खाल्लेल्या तोंडाने, ऐकलेलं मोठ्याने म्हणायला लागले.

"बोल दिवेकर. काम झालं. बरं. मागच्या गल्लीतला पोल, याच लाइनवरचा." ते थांबले. "मागच्या गल्लीतला कसा? लाइट जायच्या आधी तिथे ठिणग्या पडत होत्या. लोकांनी हाक मारली म्हणून गेलास. बरं. आत्ता उतरलास. आत्ता, या मिनिटाला." पुन्हा थांबले. "साखळी काढली का? साखळी टाकलीच नव्हती."

गर्दीला काही कळलं नाही. त्यांनी 'काम झालं' एवढं ऐकलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं. पण आई लाइनमनची बायको होती. तिच्या हातातला मोबाइल खाली पडला, तो तिने उचललाही नाही. काकाचे हात अजून चौकटीवर होते. त्याने ते सावकाश काढले.

अंधाऱ्यांनी पुढचं सगळं रीतसर विचारलं. माणसं सगळी खाली? तू स्वतः बोलतोयस? परमिट परत घेतलं. मग लाल पाटी काढली आणि दांडी वर ढकलली. गल्लीकडून आधी एक माग, मग दहा, मग सगळे, असा खडखडाट उठला. माणसं आरडत पळाली, जाताना कोणीतरी दिवेकर की जय पण म्हणालं. एका मिनिटात आवार रिकामं. राहिलो आम्ही तिघं आणि अंधारे. काकाने जमिनीवरचा चष्मा उचलला, एक काच निखळली होती, ती शोधली, दोन्ही त्यांच्या हातात दिलं. टेम्पो दारात उभा होता, ताके मागावर होते, पण तो तिथून हलेना. शेवटी अंधारेच म्हणाले की जा आता, लाइट पाचपर्यंतच आहे.

बाबा सहाच्या सुमारास आले, गाणं गुणगुणत. त्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं. येताना ते सबस्टेशनमध्ये डोकावले होते आणि अंधाऱ्यांनी सांगितलं होतं की चष्मा हातातून पडला आणि गेटला शर्ट अडकला. ओठाचं काय सांगितलं कोण जाणे. बाबांना हा नवा विनोद मिळाला. अंधाऱ्यांना आता खरोखरच अंधार दिसतोय, म्हणाले, उद्या सगळ्यांना सांगतो. आई चूल फुंकावी तशी स्टोव्हला पंप मारत होती. ती म्हणाली, "गप बसा." एवढंच. बाबांनी माझ्याकडे बघितलं, काय झालं म्हणून. उत्तर दिलं असतं तर मी रडले असते, आणि मला रडायचं नव्हतं, मला कोणाला तरी धरून बडवायचं होतं.

मग काका आला. नेहमीसारखा हाक मारत नाही, चपला काढून सरळ आत आला आणि बाबांच्या समोर खाली बसला. बाबांनी माल पोचला का ते विचारलं. त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. आईने चहा ठेवला. कोणी कप उचलला नाही.

"दादा," तो म्हणाला, "आज मी तुला मारून टाकलं असतं."

बाबांना वाटलं तो फोन न उचलल्याबद्दल बोलतोय. ते समजूत घालायला लागले की तारेवर असताना खिशात हात कसा घालणार. काकाने त्यांना थांबवलं आणि सगळं सांगितलं. गेट, गर्दी, आपण घेतलेली शपथ, अंधाऱ्यांचा शर्ट. काही म्हणता काही लपवलं नाही. मग म्हणाला, "तू उतरलेला मी बघितला रे. पुन्हा चढलास ते मना कुठे माहीत."

ओट्यापाशी आई पाठ करून उभी होती. ती वळली नाही. "मी पण बोलले," ती म्हणाली. "मी पण बोलले, करा चालू."

बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू इतक्या हळूहळू गेलं, की ते जाताना मी बघू शकले. त्यांनी कधीची वेळ ते विचारलं. काका म्हणाला, पाचच्या जरा आधी, आम्ही सगळे तुझं नाव घेऊन ओरडत होतो तेव्हा. बाबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, एकदा पालथे केले, एकदा उताणे. ग्रीसचे डाग तसेच होते.

"एका मिनिटाचं काम होतं," ते म्हणाले. "साखळी सायकलला बांधून झाली होती, आता परत कुठे सोडा. म्हटलं अंधारेने बंद केलीय, माझ्या फोनशिवाय तो करणार नाही. फोन खिशात वाजला तेव्हा हे दोन्ही हात तारेवर होते."

काकाने वाकून ते हात आपल्या हातांत घेतले आणि त्यांत तोंड खुपसून हमसून हमसून रडला. एवढा मोठा बाप्या, पण त्याला आमची लाज वाटली नाही. आई ओट्यापाशी तशीच उभी राहिली, बाबा घरात समोर बसलेले असूनही. बाबांनी हात काढून घेतले नाहीत.